दोन डिरीन

नोलीन हॅलम माणसांना चांगला निरोप देते, हे आमच्या ह्यूऑन खोऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. ज्यांना चर्च नको असतं ते तिला बोलावतात. ती घरी येते, स्वयंपाकघरात बसून चहा घेते, गेलेला माणूस कसा होता ते विचारत राहते, आणि मग कबरीपाशी उभी राहून असं बोलते की आयुष्यभर त्याच्याशी वैर धरलेला भाऊही नाक शिंकरतो. पूर्वी ती कागदावर लिहून आणायची. पण टास्मानियाचा वारा कुणाची गय करत नाही. एकदा एका म्हातारीच्या आयुष्यातली मधली वीस वर्षं नदीकडे उडून गेली. तेव्हा ब्रॉनने, नोलीनच्या लेकीने, तिला ई-इंकचा टॅबलेट घेऊन दिला. उन्हात चकाकत नाही, पडदा कागदासारखा, वर पेनने हाताने लिहिता येतं. नोलीन त्याला पाटी म्हणते.

पाटी तिला आवडली, पण पाटीवरचा पसारा आवरेना. भाषणांच्या, आठवणींच्या, गाण्यांच्या फाइली एकावर एक साचत गेल्या. एकेक फाइल दाबून धरायची, फोल्डर शोधायचा, तिथे नेऊन ठेवायची, आणि तेवढ्यात चहा गार.

मग रीसने ते टूल लिहिलं. रीस म्हणजे ब्रॉनचा नवरा. होबार्टमधल्या एका कंपनीत तो प्रोग्राम लिहायचा. कंपनीने माणसं कमी केली त्यात त्याची नोकरी गेली, आणि वर्ष उलटलं तरी दुसरीकडे कुठे लागला नव्हता. भाड्याचं घर सोडून दोघं नोलीनकडे राहायला आली होती. ब्रॉन वृद्धाश्रमात नर्स. ती पाळ्या करायची, आणि हा घरी लाकडं फोडायचा, कोंबड्या बघायचा, शेडमध्ये लॅपटॉप घेऊन बसायचा. पबमध्ये कुणी "काय चाललंय सध्या?" विचारलं की ग्लासात बघायचा.

टूल साधंच होतं. पाटी वायरने लॅपटॉपला जोडायची, बटण दाबायचं. टूल फाइलच्या नावातलं आडनाव वाचणार आणि ती त्या आडनावाच्या फोल्डरात नेऊन ठेवणार, फाइली कितीही असोत. रविवारी जेवणाच्या टेबलावर, भाजलेलं मटण गार होत असताना, त्याने ते सासूला करून दाखवलं.

"अगं बाई," नोलीन पाटीवरून बोट फिरवत म्हणाली, "हे तर माझ्या मोज्यांच्या कप्प्यापेक्षा नीट लागलंय."

"तुझ्या मोज्यांच्या कप्प्यात चीजची किसणी सापडली होती," ब्रॉन म्हणाली.

"ती मी मुद्दाम ठेवली होती, नाहीतर तू तिच्यावर लिंबं किसतेस. रीस, एवढं डोकं आहे तर हे लोक तुला घेत का नाहीत रे?"

"मीही त्यांना तेच विचारतोय," रीस म्हणाला, आणि हसला. ब्रॉन नंतर मला म्हणाली, किती महिन्यांनी हसला तो.

त्याने ते टूल नेटवर फुकट ठेवलं. लोकांनी ते उतरवून घेतलं, आभार मानले. फिनलंडमधला एक संगीतशिक्षक, चिलीमधली एक वकीलबाई. रीस जेवताना त्यांचे निरोप वाचून दाखवायचा आणि या दोघी आवडीने ऐकायच्या. नंतर जे झालं ते समजून घ्यायचं तर एवढं लक्षात ठेवावं लागेल, की त्या वर्षात "शाबास" म्हणण्यासारखं त्याच्याकडे एवढं एकच होतं.

मार्चच्या शेवटी मर्विन डिरीन गेला. सफरचंदांची तोडणी चालू होती, त्यामुळे दफनाला अर्धे लोक सरळ बागेतूनच आले, बुटांना चिखल तसाच. मी गावच्या फुटबॉल क्लबातल्या चहाचं बघत होते, पण नोलीनचं बोलणं चुकवायचं नाही म्हणून मीही टेकडीवर गेले. मर्विनची बायको ग्वेंडा पुढे खुर्चीवर बसली होती, बॅग मांडीवर घट्ट धरून.

नोलीनने पाटी उघडली आणि सुरुवात केली. नदी, खोरं, बागा. हे ती नेहमीच म्हणते आणि आम्हाला ते ऐकायला आवडतं. मग म्हणाली, हा डिरीनांचा पोरगा, बापाच्या बागेत वाढला, क्लबाकडून पुढच्या फळीत खेळला, दोनदा कॉलरचं हाड मोडून घेतलं. सगळे माना हलवत होते. मग तिच्या त्या शांत आवाजात ती म्हणाली, "आणि मग जीव्स्टनच्या हॉलमध्ये नाचताना त्याला कोरल दिसली. त्यानंतर त्याने दुसऱ्या बाईकडे मान वर करून पाहिलं नाही."

कुणीतरी खोकलं. ग्वेंडाने मान वर केली.

कोरल ही क्लाइव्ह डिरीनची बायको. क्लाइव्ह म्हणजे मर्विनचा चुलतभाऊ. तो आदल्या वर्षी वारला, त्यालाही नोलीननेच निरोप दिला होता, आणि कोरल आता क्वीन्सलंडला मुलाकडे असते.

नोलीन थांबली. पाटीवर बोट फिरवू लागली. एक फोल्डर, दुसरा फोल्डर. वारा होता, कुणाचा तरी कुत्रा गाडीत भुंकत होता, आणि ती शोधत होती. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. शेवटी तिने पाटी छातीशी धरली आणि आठवेल तसं बोलली. पण तिचा तोल गेला होता. मर्विनच्या नातवाचं नावही चुकलं. पेटी खाली उतरवताना ती एका बाजूला उभी होती, आणि मी तिला इतकी बारीक झालेली कधी पाहिली नव्हती.

क्लबात सँडविचेस मांडताना ती माझ्याजवळ आली. "काल संध्याकाळी मी ते मोठ्याने वाचलं होतं," ती म्हणाली. "शेवटपर्यंत वाचलं. बरोबर होतं."

"होतं असं कधीकधी," मी म्हटलं.

रीस दाराशी उभा होता. त्याने ते ऐकलं. त्याला टेकडीवरच कळलं होतं, हे त्यानेच पुढे सांगितलं. कोरलचं नाव कानावर पडताच कळलं. कारण त्या दिवशी सकाळी, नोलीन आंघोळीला गेली असताना, त्याने पाटी लॅपटॉपला जोडली होती. "सगळं आवरून ठेवतो," असं ओरडून सांगितलंही होतं. पाण्याच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नव्हतं. टूलने डिरीन हे आडनाव वाचलं. पाटीवर डिरीन नावाचे दोन फोल्डर होते. टूलने नव्या डिरीनची फाइल जुन्याच्या फोल्डरात टाकली आणि जुन्याची नव्याच्या. आमच्या खोऱ्यात चार आडनावं आहेत आणि तीच सगळ्यांनी वाटून घेतली आहेत, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

घरी आल्यावर तो पाटी चार्जिंगला लावतो म्हणून शेडमध्ये घेऊन गेला. पाहिलं तर तसंच झालं होतं. त्याने दोन्ही फाइली आपापल्या जागी परत ठेवल्या. टूलमधली चूक तिथेच बसून दुरुस्त केली आणि नेटवर दुरुस्त केलेलं चढवलं. खाली लिहिलं, "एकसारखी आडनावं असल्यास येणारी किरकोळ अडचण दूर केली." आधी सगळं नीट करू, मग आत जाऊन सांगू, असा त्याचा विचार होता. तो खोटं सांगत नसावा.

आत गेला तेव्हा ब्रॉन आईशेजारी बसली होती. नोलीनने हात पुढे केला, पाटी घेतली, मर्विनचा फोल्डर उघडला. आत मर्विनची फाइल होती, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.

"हे बघ," ती लेकीला म्हणाली. "इथेच आहे. इथेच होती. मीच दुसरी उघडली."

"थकली होतीस, आई."

"थकल्यावर माणूस दुसऱ्याची बायको वाचत नाही. आईचं असंच सुरू झालं होतं. पहिल्यांदा नावं."

नोलीनने स्वतःच्या आईला आठ वर्षं सांभाळलं होतं. शेवटी ती म्हातारी लेकीला "तुम्ही कोण बाई, फार चांगल्या आहात" म्हणायची.

रीस सिंकपाशी उभा होता. त्याने एक बशी उचलली आणि पुसू लागला. आधीच कोरडी असलेली बशी. त्याच वेळी सांगायला हवं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. पण फाइल त्याने स्वतःच जागेवर ठेवली होती आणि आता तीच नोलीनच्या विरुद्ध साक्ष देत होती. सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. चुकीची त्याला लाज होतीच. पण गुपचूप निस्तरल्याची लाज त्याहून मोठी होती. तो म्हणाला, "मी कोंबड्या आत घेतो."

दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाला. दुसऱ्या दिवशी ब्रॉनला पहाटेची पाळी होती. त्यानंतर शनिवार आला. लाजेचं असं असतं की पहिल्या दिवशी ती उचलता येते, मग दिवसागणिक जड होत जाते.

इकडे नोलीनने स्वतःवर पहारा बसवला. स्वयंपाकघरातल्या खणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: चमचे, दोऱ्या, मेणबत्त्या. गॅस बंद केला की मोठ्याने "बंद केला" म्हणायची. एका कुटुंबाने फोन केला तर सांगितलं, "माझ्याच्याने आता होत नाही गं, ह्यूऑनव्हिलला एक तरुण पोरगी आहे, तिला विचार." मग एका सकाळी गाडीच्या किल्ल्या तिने टेबलावर रीससमोर ठेवल्या.

"तूच चालव आता. मी कुणाच्या लेकराला उडवलं तर मला सहन व्हायचं नाही."

"नोलीन, तू उत्तम चालवतेस."

"तू फार चांगला आहेस रे," ती म्हणाली.

त्या रात्री त्याने जेवण अर्धवट सोडलं. ब्रॉनने विचारलं तर पोटाचं कारण सांगितलं.

एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांची वेळ मिळाली, होबार्टला. ब्रॉनला सुट्टी मिळेना, म्हणून रीसच घेऊन गेला. तो बाहेर बसला. दार पूर्ण लागलं नव्हतं. आत डॉक्टरीणबाई विचारत होत्या, आज वार कोणता, घड्याळाचं चित्र काढा, हे पाच शब्द लक्षात ठेवा. थोड्या वेळाने त्यांनी ते शब्द परत विचारले. नोलीनने चार सांगितले. पाचवा आठवेना. "थांबा," ती म्हणाली. "थांबा, येतोय." तिच्या आवाजात असं काही होतं की रीस उठून जिन्यापाशी गेला आणि कठडा धरून उभा राहिला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजीचं काही दिसत नाही, पण घरच्यांनी लक्ष ठेवावं, सहा महिन्यांनी परत या.

परतताना नदी लागली. गाड्या थांबवून लोक सफरचंदं घेतात त्या टपऱ्या सुरू झाल्या. नोलीन खिडकीतून बाहेर बघत होती.

मग म्हणाली, "तुझ्याकडून एक वचन हवंय. ब्रॉनला नको सांगू. मी तुला ओळखेनाशी झाले, की ब्रॉनला मला घरी ठेवू देऊ नकोस. ती हट्ट करेल. नर्स आहे, तिला वाटेल जमेल. मी आठ वर्षं केलंय. मला त्यात आई मिळाली नाही आणि आईला मी. तिच्या वाट्याला ते येऊ नये. तू समजूतदार आहेस, तू मला वृद्धाश्रमात नेऊन सोड. सोडशील?"

रीसने गाडी बाजूला घेतली. एका टपरीच्या पुढे, पाण्याच्या कडेला.

"तुला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

"ते त्या बाई पण म्हणाल्या. शब्द मात्र आठवला नाही."

"नोलीन, ऐक. फाइल मी हलवली होती. त्या दिवशी सकाळी, तू आंघोळीला गेलीस तेव्हा. टूलने दोन्ही डिरीन उलटसुलट केले. तू बरोबर फोल्डर उघडलास. आत फाइल चुकीची होती. ती मी दुपारी परत जागेवर ठेवली."

तिने समोरच्या काचेतून पाहणं सोडलं नाही.

"तुला कधी कळलं?"

"टेकडीवरच."

"टेकडीवर."

"हो."

"मी किल्ल्या दिल्या तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"त्या चिठ्ठ्या चिकटवल्या तेव्हा. तू मला टेप आणून दिलास."

टेप त्यानेच आणून दिला होता.

ती दार उघडून उतरली आणि पाण्यापाशी गेली. तिथे तिने काय केलं हे त्याला कळलं नाही, कारण तो मान खाली घालून बसला होता. परत आली तेव्हा तिने मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर बसली, टॅक्सीत बसतात तशी. "चल," म्हणाली. घरापर्यंत तेवढाच शब्द.

ब्रॉनला त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं, नोलीनच्या समोर. ब्रॉन ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तो म्हणतो. ती म्हणाली, "मी आमच्या आश्रमात तिच्यासाठी खोली बघून आले होते. नदीच्या बाजूची. कुठला पडदा लावायचा ते पण ठरवलं होतं." मग आत जाऊन तिने दार लावून घेतलं. पुढचे काही आठवडे रीस शेडमध्ये झोपला.

सकाळी नोलीन त्याला म्हणाली, "माझं राहू दे. ग्वेंडाकडे जा. तिचा माणूस एकदाच पुरला गेला, आणि त्याच्यावर दुसऱ्याची बायको वाचली गेली. ते काही मला परत करता यायचं नाही."

ग्वेंडाने त्याला आत घेतलं नाही. दारातच ऐकलं, हात ॲप्रनला पुसत.

"झालं सांगून?" ती म्हणाली. "आता माझं ऐक. महिनाभर बायका माझ्याकडे केक घेऊन येतायत आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतायत. परवा दुकानात एकीने विचारलंच, कोरलचं आणि मर्विनचं काही होतं का गं? मर्विनचं! त्याला नाचता येत नव्हतं. तो हॉलमध्ये पाऊल टाकायचा नाही. मी एकटी जाऊन एकटी यायची." तिचा आवाज इथे जरा फाटला. "आणि मी काय सांगू लोकांना? नोलीनचं डोकं गेलं म्हणून सांगू? ती माझी मैत्रीण आहे."

"मी सांगतो लोकांना."

"सांगशीलच. शनिवारी मॅच झाल्यावर क्लबात. मी येणार आहे ऐकायला."

मीही होते. आमची टीम हरली होती, सॉसेज रोल गरम होते, कोंबडी बक्षीस असलेली सोडत निघाली होती. रीस माइकपाशी गेला तेव्हा लोकांना वाटलं गाड्या हलवायला सांगतोय. त्याने सगळं सांगितलं: टूल, सकाळ, दोन डिरीन, दुपार, आणि मग नोलीन डॉक्टरकडे जाईपर्यंत गप्प राहिलो ते. त्याचे कान लाल झाले होते. कागद आणला नव्हता, पण चाचपडलाही नाही.

म्हातारा नेव्हिल बारपाशी होता. त्याला पोराची दया आली असावी. "म्हणजे मशीनने घोळ घातला," तो म्हणाला. "होतं रे. माझा ट्रॅक्टर पण..."

"नाही," रीस म्हणाला. "घोळ मशीनने घातला असेल. महिनाभर गप्प मी बसलो."

हळूहळू लोक आपापल्या ग्लासांकडे वळले. ग्वेंडा उठली, कोट घातला, त्याच्याजवळून जाताना थांबली. "नातवाचं नाव एड्रिक," ती म्हणाली. "तेही सांगायला हवं होतंस." तो परत माइकपाशी गेला आणि तेही सांगितलं.

नेटवरही त्याने ती "किरकोळ अडचण" खोडली आणि काय झालं ते सरळ लिहिलं. त्या संगीतशिक्षकाने लिहिलं, कळवल्याबद्दल आभार. आणखी कुणीतरी विचारलं, फोल्डरांना रंग देता येतील का.

जूनमध्ये नोलीनने पुन्हा कामाला सुरुवात केली. ग्वेंडानेच आग्रह केला. मर्विनसाठी दोघींनी टेकडीवर जाऊन, दुसरं कुणी नसताना, ते भाषण एकदा नीट वाचलं, असं म्हणतात. त्या दोघी त्याबद्दल बोलत नाहीत. किल्ल्या नोलीनने परत घेतल्या. रीसला होबार्टला अर्धवेळ काम मिळालं, आणि ब्रॉनने त्याला शेडमधून आत घेतलं. पण खणांवरच्या चिठ्ठ्या तशाच राहिल्या. ब्रॉन काढायला गेली तर नोलीन म्हणाली, "असू दे." गॅस बंद केला की ती अजूनही मोठ्याने म्हणते. तिच्या डोक्यात शिरलेली शंका, तिचं मूळ कारण खोटं ठरलं तरी, बाहेर पडली नाही. ती तिथे घातली कुणी हे रीसला रोज दिसतं, दर वेळी चमचा घेताना.

त्याच्याशी ती वाईट वागत नाही. "थँक यू, रीस," म्हणते, पाहुण्याला म्हणावं तसं, आणि तो मदतीला उठला की "तू बस" म्हणते.

जुलैत, नदीवर धुकं बसलेलं असताना, एका सकाळी तिने लापशी केली, दोघांसाठी, आणि वाडग्यांत वाढली. पहिला घास घेऊन रीस थांबला. मिठाऐवजी सोडा पडला होता, भरपूर. तिनेही चाखलं. वाडग्याकडे बघत राहिली, मग ओट्यावरच्या दोन डब्यांकडे, मग त्याच्याकडे. बऱ्याच दिवसांनी तिने त्याच्याकडे असं सरळ पाहिलं.

"हे पण तूच केलंस का?" तिने विचारलं.

ती चिडली नव्हती. खरंच विचारत होती, आणि तो हो म्हणेल अशी आशा तिच्या आवाजात होती. आयुष्यात कुठलीही चूक आपली असावी असं रीसला इतकं कधी वाटलं नव्हतं.

"नाही, नोलीन," तो म्हणाला.

तिने मान हलवली. मग दोन्ही वाडगे उचलून कोंबड्यांसाठी बादलीत ओतले आणि ब्रेड भाजायला ठेवला. तो उठून तिच्या शेजारी उभा राहिला, आणि या वेळी तिने त्याला "तू बस" म्हटलं नाही.